टीचभर अंतर

"आठ," दिव्या म्हणाली. तिने टेप काढली, पुन्हा लावली. "आठच."

"मघाच्या खांबात तं पाच होते मॅडम," मदतीला आलेल्या पवनने फोडायचं मशीन बाकावर ठेवलं आणि भुवयांवर साचलेली विटांची भुकटी पुसली.

दिव्याने खिशातला घडी केलेला नकाशा उलगडला. नकाशात खांबाच्या दोन रिंगांमधलं अंतर सहा इंच लिहिलं होतं. एका खांबात पाच, दुसऱ्यात आठ आणि कागदावर सहा! तिने कपाळाला हात लावला नाही इतकंच.

समोरच्या बाकावर गुडघ्यावर टोपी ठेवून मुखरू मारबते बसला होता. सकाळीच वसतिगृहाच्या अधीक्षक प्रेमिलाबाईंचा निरोप आला होता, की तुम्ही बांधलेला हॉल तपासायला चंद्रपूरहून इंजिनिअर बाई आल्या आहेत, लवकर या. मुखरूने सुनेकडून पांढरा सदरा मागून घेतला, मिशा सारख्या केल्या आणि नवरदेवासारखा निघाला. वाटेत भेटलेल्या तीन जणांना त्याने थांबवून सांगितलं, की इंजिनिअरने बोलावलं आहे. चौथ्याने विचारलं नव्हतं, तरी त्यालाही सांगितलं.

पिंपळडोह गावात हे सगळ्यांना पाठ होतं. मुखरू जातीचा ढिवर. बाप, आजा वैनगंगेत आणि गावच्या तलावात मासे धरायचे. ऐन जवानीत हा जाळं सोडून बांधकामावर लोखंड बांधायला लागला. खांबाच्या उभ्या सळया, त्यांना चारी बाजूंनी कवेत धरणाऱ्या बारीक सळईच्या चौकोनी रिंगा आणि दोघांची गाठ मारणारी तार, हा त्याचा चाळीस वर्षांचा संसार. सावली, मूल, गडचिरोली या गावांपलीकडे तो कधी गेला नाही. नाल्यांवरचे रपटे बांधले, शाळेच्या खोल्या बांधल्या, एक दवाखाना बांधला. पण नाव घ्यायचं ते एकाच कामाचं. एकतीस वर्षांपूर्वी बांधलेलं मुलींचं हे वसतिगृह, आणि त्यातही तळमजल्यावरचा हा बारा खांबांचा जेवणाचा हॉल. "हॉल आपल्या हातचा हाय," हे वाक्य त्याने इतक्या लग्नांत, इतक्या पानटपऱ्यांवर सांगितलं होतं, की ऐकणारे त्याच्याआधी ओठ हलवायचे.

आता हॉलचे दोन खांब छातीएवढ्या उंचीवर फोडलेले होते. मधेच कोणाच्या तरी डोक्यात हौस आली आणि खांबांना विटांचं जाड अस्तर देऊन वर गुलाबी टाइल लावली होती. गिलाव्याआडचं लोखंड दाखवणारं दिव्याचं यंत्र त्या विटांपुढे आंधळं झालं. वरच्या मजल्यांवरचं काम तिने दोन दिवसांत उरकलं होतं. इथे मात्र फोडल्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि फोडायची परवानगी होती फक्त तीन खांबांची. दोन झाले होते.

"बाई, मंग आता कसं?" प्रेमिलाबाईंनी विचारलं. त्या सकाळपासून पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"सांगते." दिव्याने लॅपटॉप बाकावर ठेवला. पडद्यावर काड्यांची केलेली इमारत होती. "मुखरूभाऊ, तुम्हीही पाहा. मी कॉम्प्युटरात हेच वसतिगृह पुन्हा बांधते. मग त्याला भूकंपासारखं हलवते आणि कुठला खांब आधी मोडतो ते बघते."

"टीव्हीसारखं?"

"तसंच समजा. पण याच्यात एक मोठी गोम आहे. कॉम्प्युटरला ही इमारत दिसत नाही. मी जे सांगेन तेच त्याच्यासाठी खरं. मी भिंती नाहीत म्हटलं की त्याच्या लेखी भिंती नाहीत. वरच्या खोल्यांना भिंती आहेत, त्या धरल्या तर वरचे मजले घट्ट आहेत. इथं हॉलला भिंतीच नाहीत, नुसते खांब. म्हणून धक्का बसला की सगळा भार ह्या बारा खांबांवर येतो."

गेल्या वर्षी डिसेंबरात, सकाळी पोरींच्या आंघोळी चालू असताना तेलंगणाच्या बाजूने धक्का आला होता. स्वयंपाकघरातल्या फळीवरची पातेली एकमेकांवर वाजली आणि पोरी अर्ध्या ओल्या केसांनी अंगणात धावल्या. कोणाला खरचटलंही नाही. फक्त हॉलच्या एका तुळईखाली केसासारखी भेग उमटली. त्या भेगेमागे अर्ज गेले, अर्जामागे पत्रं आली, आणि शेवटी चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवणारी ही दिव्या आली. गडचांदूरची पोर. बाप सिमेंटच्या कारखान्यात होता, आणि लेक आता सिमेंटचं काय होतं ते बघत फिरत होती.

"बारा खांबांत मी सगळीकडे नकाशातले सहा इंच धरले," दिव्या म्हणाली, "तर हॉल पास होतो. काठावर, पण होतो. सगळीकडे आठ धरले तर नापास. साधा नाही, बाई, पार नापास. रिंगा विरळ असल्या की खांब वाकत नाही, काडीसारखा तुटतो. मग मला लिहावं लागेल, इमारत रिकामी करा."

प्रेमिलाबाई खाली बसल्या. एकशे अठरा पोरी. एटापल्ली, धानोरा, कोरचीकडच्या जंगलातल्या गावांतून आलेल्या. कोणाच्या घरी जायला बसमधून उतरल्यावरही तीन कोस चालावं लागतं. "करोनात वसतिगृह बंद झालं होतं ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उघडलं तवा तेवीस पोरी परत आल्याच नाईत. मी घरोघरी गेली. कोणाचं लगन झालं होतं, कोणी मिरच्या तोडाले तेलंगणात गेली होती. आता बंद केलं तं किती जातीन, मॅडम?"

दिव्याने मुखरूकडे पाहिलं. "भाऊ, तुम्ही बांधलाय म्हणता. एका खांबात पाच अन् एकात आठ, हे कसं झालं?"

मुखरूला ते उत्तर येत होतं. पडद्यावरच्या काड्या कळत नव्हत्या, पण हे कळत होतं.

"टीच," तो म्हणाला.

"काय?"

मुखरूने उजवा हात पुढे केला, अंगठा आणि अंगठ्याजवळचं बोट ताणून धरलं. "हे. याले टीच म्हन्तेत ना जी. आमच्यापाशी टेप कुठी होती? टेप मुकादमापाशी. वामनराव मुकादम. त्यायच्या टेपचे पयले दहा इंच तुटले होते, थे बी कोनाले हात लावू देत नोहते. कागदावर सहा इंच होते, तं थे म्हनले, दोन रिंगांत एक टीच ठेवा."

दिव्याने टेप त्याच्या बोटांना लावली. अंगठ्याच्या टोकापासून बोटाच्या टोकापर्यंत बरोबर आठ. जाळं फेकून फेकून पिढ्यान्‌पिढ्या मोठे झालेले पंजे होते ते. तिने आपली टीच मोजली. साडेपाच. तिला हसूही आलं आणि घामही फुटला. या विषयाची सहा पुस्तकं तिने चाळली होती, रिंगांच्या अंतराची कोष्टकं पाठ होती, आणि कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नव्हतं, की सहा इंच हे कोणाचा हात आहे त्यावर ठरतात.

"मग पाचचा खांब कोणाच्या हाताचा?"

मुखरूने टोपी उलटी केली, सुलटी केली.

प्रेमिलाबाईंना मात्र या गोष्टीत उजेड दिसला. त्या मुखरूजवळ सरकल्या. "भाऊ, आठवा ना नीट. तो आठवाला एकच राहिला असंल चुकून. बाकीचे समदे पाचचेच असतीन. तुम्ही सांगितलं तं मॅडम लिहितीन. तुम्हीच तं बांधला हाय हॉल. हाव का नाई, मॅडम?"

दिव्याचीही इच्छा तीच होती, हे तिच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं.

एवढंच म्हणायचं होतं. बाकीचे पाचचेच. हॉल पास झाला असता, पोरी राहिल्या असत्या, आणि पिंपळडोहात म्हणायला झालं असतं, की मुखरूच्या शब्दावर सरकारचा रिपोर्ट फिरला. म्हाताऱ्याला आयुष्यात एवढा मान कोणी दिला नव्हता. जीभ टाळूपर्यंत गेलीसुद्धा. पण त्याला माहीत होतं, की त्या आठच्या खांबासारखे आणखी दोन याच हॉलमध्ये उभे आहेत. गुलाबी टाइलच्या आत, पोरी पाठ टेकून जेवतात तिथे.

"हॉल माझ्या हातचा नोहे," मुखरू म्हणाला.

प्रेमिलाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मी खोटं बोलत आलो, बाई. एकतीस वरस. हॉल सुकरीनं बांधला. माझ्या बायकोनं."

सुकरी जाऊन सहा वर्षं झाली होती. गावाला ती मुखरूची बायको म्हणूनच माहीत. बुटकी, डावखुरी, कामावर पदर कमरेला खोचून गाठी मारणारी. मुकादमाच्या हजेरीत मुखरूचं नाव असायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, बाई एक.

"मले हिवताप आला होता तवा," मुखरू सांगू लागला. "हॉलचे खांब उभे कराचे होते अन् मी खाटेवर. ज्याच्या अंगावर हिवताप बसला त्याले कोन उठवते? थे एकटी बांधत राह्यली. टीच तिची लहान. मुकादमानं सांगितलं एक टीच, तं तिनं तिची टीच ठेवली. बारा खांब, समदे तिचे."

"मग आठ कसे?" दिव्याने विचारलं.

प्रेमिलाबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"पाचव्या दिवशी ताप उतरला, तं मी आलो पाहाले. पाहतो तं रिंगाच रिंगा. मी म्हनलं, काय हे? एवढं लोखंड खाल्लं काऊन? मुकादम आपल्याले कामावरून काढते. समद्यायसमोर लय बोललो तिले. नाई बोलाचं थे बोललो. अन् म्हनलं, सोड समद्या गाठी. पुना बांध, माझ्या टीचीनं. मी असा खांबाशी उभा राहून मोजून देत होतो अन् थे सोडत होती, बांधत होती. तीन खांब तसे केले. चवथ्याले मले पुना थंडी वाजून आली, मंग घरी नेलं. नऊ तिचे तसेच राह्यले. दुसऱ्या दिवशी सिमेंट भरलं."

"अन् तुम्ही म्हणत राहिलात, हॉल माझा?" हे प्रेमिलाबाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

"हॉल झाला तवा मुकादमानं मानाचा नारळ मले देल्ला ना बाई. मी घेतला. थे बाजूलेच उभी होती. काई नाई म्हनली." मुखरूने डोळे पुसले नाहीत, ते आपोआप वाहू दिले. "मरेपर्यंत म्हनली नाई."

दिव्या उठून दोन्ही फोडलेल्या खांबांजवळ गेली. टॉर्च लावली. पाचच्या खांबात तारेची गाठ होती, आठच्या खांबातही. तिने पवनला बोलावलं. "पवन, तू लोखंड बांधलंय ना? गाठ पिळतात ती कुठल्या अंगाला?"

"उजव्या अंगाले, मॅडम. तार पिळाचा आकडा असा फिरवतो आपण." मग तो खाली वाकून पाहत राहिला. "हे उलटं हाय. दोन्ही खांबात उलटं हाय."

"डावखुरी," दिव्या म्हणाली.

तिला त्या म्हाताऱ्याचा मनातून आदर वाटला आणि तो तिने लपवला नाही. "भाऊ, तुम्ही गप्प राहिला असता तर मी कदाचित चुकीचं लिहिलं असतं. पण मला नुसत्या शब्दावर लिहिता येत नाही. अजून एक खांब फोडता येतो. कुठला फोडू? तिच्या पाचचा एखादा फोडला तर रिपोर्टला बरं दिसेल."

"चांगला फोडून काय पाहता?" मुखरू उठला. गुडघे कुरकुरले. तो हॉलच्या मधून चालत गेला, एका खांबाला हात लावला, मग त्याच्या पुढच्या खांबाला. "हे दोन. अन् तो फोडलेला. हे तिन्ही माझे. यातला फोडा. माझं खोटं निघालं तं बाकीचं बी खोटं धरा."

पवनने मशीन लावलं. टाइल फुटली, विटा निघाल्या, गिलावा आणि काँक्रीटचा वरचा थर निघाला. छातीच्या उंचीवर दोन रिंगा उघड्या झाल्या. दिव्याने टेप लावली. आठ. गाठ उलटी.

मुखरूने मान खाली घातली. खरं निघालं होतं, आणि त्याला त्याचा आनंद झाला नव्हता.

"खाली बी थोडं काढू का?" पवनने विचारलं. "टाइल तशीच गेली हाय."

दिव्याने मान हलवली. मशीन खाली सरकलं. कमरेपाशी आठ. मांडीपाशी आठ. मग गुडघ्याच्या खाली पवनचा हात थांबला.

"मॅडम, इथी पाहा."

पायाशी, जमिनीपासून दोन फुटांत, रिंगा दाट होत्या. दिव्या फरशीवर पालथी झोपली आणि मोजत गेली. "पाच. पाच. पाच. साडेचार." ती उठून बसली तेव्हा तिच्या केसांत विटांची लाल माती होती. "भाऊ, तुम्ही म्हणालात सगळ्या सोडवल्या?"

मुखरू खांबापाशी आला, कसाबसा उकिडवा बसला आणि डोळे बारीक करून आत पाहू लागला. "समद्या म्हनलो होतो मी. उभा होतो ना इथी..." आणि मग त्याला दिसलं. तापाने पाय लटपटत होते म्हणून तो खांबाला धरून उभा राहिला होता. वाकून खाली पाहणं त्याच्याच्याने होत नव्हतं. सुकरी खाली बसली होती. ती 'हाव, हाव' म्हणत होती आणि तिचे हात हलत होते. त्याला वाटलं, सोडते आहे.

"ऐकलं नाई तिनं माझं," तो म्हणाला, आणि एकाएकी हसायला लागला. रडता रडता हसायला लागला, खांद्यांनी, सदऱ्याच्या बाह्यांनी. "पाहा ना बाई. हाव म्हनली अन् ऐकलं नाई!"

"पण पायाशीच का ठेवल्या असतील?" दिव्याने विचारलं. ती इंजिनिअर म्हणून विचारत होती, कारण हा प्रश्न तिच्या सहा पुस्तकांत पहिल्या पानावर होता. धक्का बसला की खांब मधे मोडत नाही. पायाशी आणि डोक्याशी मोडतो. रिंगा दाट हव्यात त्या तिथे.

"जाळं इनाची ना थे," मुखरूने नाक पुसलं. "मी इमारतीवर गेलो, पन थे घरी जाळं इनतच राह्यली. जाळ्याचा काठ घट्ट इनते. तान काठावर येते ना जी, मंदात नाई येत. तिले कोनी सांगितलं नोहतं. मी तं नाईच सांगितलं."

दिव्याने लॅपटॉप ओढला. नऊ खांबांत पाच. तीन खांबांत खाली पाच, वर आठ. प्रत्येक खांबाला त्याचं त्याचं अंतर दिलं, एकालाही सरासरी लावली नाही. मग इमारत हलवली. प्रेमिलाबाई मागे उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या. पवन चहा मागवायचं विसरून गेला. पडद्यावरच्या काड्या डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, तीन ठिकाणी छताजवळ तांबड्या झाल्या आणि बाकी सगळ्या हिरव्या उभ्या राहिल्या.

"पडत नाही," दिव्या म्हणाली. मग प्रेमिलाबाईंकडे वळून पुन्हा म्हणाली, "पडत नाही, बाई. तीन खांब वरच्या बाजूने बांधून घ्यायचे. नवीन लोखंड, नवीन काँक्रीट. उन्हाळ्याच्या सुट्टीत होऊन जाईल. माझ्या हिशेबानं पोरींना कुठं जायची गरज नाही. मी तसंच लिहिते. दुसरे साहेब तपासतील, पण आता कागदाला पुरावा आहे."

प्रेमिलाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यांनी जे केलं ते वसतिगृहाच्या अधीक्षकाला शोभणारं नव्हतं. त्या सरळ धुळीतल्या खांबाच्या पाया पडल्या.

मुखरू बाकावर जाऊन बसला. गाव काय म्हणेल, ते त्याच्या डोक्यात येऊन गेलं. टपरीवरचे हसतील, ओठ हलवणारे आता दुसरंच काही म्हणतील. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते हलकं होतं. उलट, एकतीस वर्षं पाठीवर घेतलेलं पोतं कोणी उतरवून घेतलं असं त्याला वाटलं, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं. "बरं वाटून राह्यलं मॅडम. लय बरं वाटून राह्यलं."

"मलाही," दिव्या म्हणाली. "मी दहा वर्षं इमारती तपासते. मला वाटायचं, नकाशा मिळाला की अर्धं काम झालं."

तिने पिशवीतून एक छापील कागद काढला. फोडलेल्या खांबांचे फोटो, मोजमापं, आणि माहिती कोणी दिली ते त्यात भरायचं होतं. मुखरूचं नाव लिहून झालं. खाली एक ओळ होती, मूळ बांधणी करणाऱ्याचं नाव, माहीत असल्यास. ही ओळ आजवर तिने कुठल्याही इमारतीत भरली नव्हती. कोणाला माहीतच नसायचं. तिथे ती ठेकेदाराचं नाव टाकायची, नाहीतर एक आडवी रेघ मारायची.

तेवढ्यात घंटा झाली. पोरी ताटं घेऊन आल्या, फुटलेल्या टाइलकडे बघत, एकमेकींना कोपराने ढोसत रांगेत उभ्या राहिल्या. आज हॉलच्या अर्ध्या भागातच जेवायचं होतं. भाताचा आणि वरणाचा वास पसरला.

"पूर्ण नाव सांगा भाऊ," दिव्याने पेन उघडलं. "सुकरी मुखरू मारबते. बरोबर?"

मुखरूने हात पुढे करून पेनाच्या वाटेत धरला.

"मंदात माझं नाव नोका टाकू."

"तीन रकाने आहेत भाऊ. मधला नवऱ्याचा असतो."

"असू द्या जी. रिकामा राहू द्या."

पहिल्या रकान्यात दिव्याने नाव लिहिलं, शेवटच्यात आडनाव. मधली जागा कोरी ठेवली.

"वाचून दाखवा बरं एकडाव," मुखरू म्हणाला. "मोठ्यानं. मले कमी आयकू येते."

दिव्या उभी राहिली आणि वर्गात हजेरी घेताना घेतात तसं तिने मोठ्याने वाचलं, "सुकरी मारबते."

रांगेतल्या पोरींनी कोणाला हाक मारली म्हणून वळून पाहिलं.